गांगुर्डे मामांना काढायची सभा

फुटबॉलच्या सामन्यात मॅनेजर कुठे बसतो हे टीव्ही बघणाऱ्या कुणालाही माहीत असतं. मैदानाच्या कडेला, मध्यरेषेच्या आसपास. आमचे मॅनेजर गांगुर्डे मामा आमच्याच गोलपोस्टच्या मागे बसायचे. घरून स्कूटरला बांधून आणलेली लोखंडी घडीची खुर्ची जाळीमागे चार हातांवर उघडायची, मफलर कानांवरून गुंडाळायचा, हजेरीचं मस्टर मांडीवर ठेवायचं, की मामांची तयारी झाली. मला आधी वाटलं, गोलकीपरला काही सूचना द्यायच्या असतील. एकदा विचारून टाकलं. मामा म्हणाले, "सेक्रेटरी, आपल्या मॅचमधी बॉल कुठं असतो? हितंच ना? मग लांब बसून मान कशाला मोडून घ्यायची?"

क्लबचा सचिव मीच होतो आणि आमच्या गोलमध्ये गेलेले बॉल माझ्याच वहीत लिहिलेले होते.

क्लबचं नाव संसरी नाका फुटबॉल क्लब, देवळाली कॅम्प. नाव ऐकून बसथांब्याची पाटी वाटते, पण आम्ही जिल्हा लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळायचो, आणि तिसरी डिव्हिजन नव्हती. मी नाशिक रोडला एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. तरुणपणी उजव्या बाजूला पळायचो, पुढे पोट सुटलं आणि लोकांनी माझ्या हातात बॉलऐवजी इतिवृत्ताची वही दिली. ती मी वीसेक वर्षं सोडली नाही. मामांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचं म्हणून बसलो आहे, पण ते मॅनेजर म्हणून चांगले होते असं लिहिलं तर तेच वर बसून हरकत घेतील.

मामा मूळ मनमाडचे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, तरुणपणी तिथल्या टीममध्ये लेफ्ट बॅक खेळलेले. रिटायर झाल्यावर मुलाच्या नोकरीमुळे विहितगावला राहायला आले आणि सकाळी फिरायला म्हणून आमच्या मैदानाकडे येऊ लागले. त्या काळी आमची मुख्य अडचण हरणं ही नव्हती. हरायलाही अकरा माणसं लागतात आणि ती आमच्याकडे जमत नव्हती. कुणाची शिफ्ट, कुणाच्या मावसभावाचं लग्न, कुणाला थंडी. निम्म्या सामन्यांत आम्ही सात-आठ पोरांवर मैदानात उतरायचो किंवा समोरच्यांना फुकटचे गुण देऊन मिसळ खायला जायचो. महिनाभर हा तमाशा बघून एक दिवस मामा माझ्याजवळ आले. म्हणाले, "तुमची पोरं वाईट खेळत नाय. ती येतच नाय." दुसऱ्या दिवशी ते लाल पुठ्ठ्याचं जाड मस्टर घेऊन हजर झाले. तेव्हापासून ते मॅनेजर. नेमणूक कुणी केली हे मला आजही सांगता येणार नाही.

मस्टरचा कायदा वर्कशॉपचा होता. सकाळी सहाला प्रॅक्टिस. सहा वाजले की मामा शेवटच्या नावाखाली लाल रेघ मारायचे आणि वही मिटायचे. "मस्टर उचललं," असं जाहीर व्हायचं. मग पंतप्रधान आले तरी त्यांची हजेरी लागणार नव्हती. सोमवार ते शनिवार ज्याच्या सहा सह्या, तो रविवारी टीममध्ये. सह्या सारख्या झाल्या तर जो आधी आला तो. टीम निवडायची एवढीच पद्धत. कोण कसा खेळतो हा प्रश्न मामांच्या दृष्टीने खाजगी होता.

परिणाम असा झाला की तीन महिन्यांत प्रॅक्टिसला बावीस-तेवीस पोरं यायला लागली. भगूरहून सायकलवर, लहवितहून दुधाच्या गाडीत बसून. फुकटचे गुण द्यायचे बंद झाले. आणि रविवारी आमचे अकरा जण रांगेत उभे राहिले की त्यांत बंटी हटकून असायचा. बंटीचं वजन नव्वद किलो होतं आणि त्याचं घर मैदानाला लागून होतं. मामांची स्कूटर वाजली की तो उठायचा आणि पहिली सही करायचा. सामन्यात तो एका ठिकाणी उभा राहायचा आणि बॉल त्याच्याकडे आलाच तर त्याला अडून परत जायचा. मामा म्हणायचे, "भिंत हाय ती. भिंतीनं पळायचं नसतं."

दुसऱ्या टोकाला आमचा सागर. देवाची देणगी म्हणावी असा स्ट्रायकर, फक्त झोपेचा पक्का. एका शनिवारी तो सहा वाजून चार मिनिटांनी आला. मामांनी लाल रेघ त्याच्या डोळ्यांसमोर दाखवली. रविवारचा सामना आमच्यासारख्याच तळातल्या टीमशी होता, जिंकण्याची जरा शक्यता होती. सागर बाहेर बसला, बंटी आत, आणि आम्ही चार गोलांनी हरलो. मी संतापून मामांना म्हणालो, चार मिनिटांसाठी चार गोल खाल्ले आपण. मामा शांतपणे मफलर सोडत म्हणाले, "सेक्रेटरी, आज सागरला घेतला असता तर उद्या बाकीचे वीस जण सहा-चारला आले असते. मग मॅच कोण खेळणार, तुम्ही?"

मुद्दा बिनतोड होता आणि त्याचा राग अजून जास्त यायचा.

बाकी डावपेच म्हणून मामांकडे फारसं काही नव्हतं. मध्यंतरात पोरं धापा टाकत आली की ते प्रत्येकाला केळं द्यायचे आणि सकाळी काय खाल्लं होतं ते विचारायचे. कुणी चहाबिस्किट म्हणालं की त्याला दुसरं केळं. मग म्हणायचे, "बॉल दिसला की मारायचा. नाय दिसला तर शोधायचा. चला." ऑफसाइडचा नियम त्यांना चांगला माहीत होता पण मान्य नव्हता. "पोरगं पुढं गेलं हा काय गुन्हा झाला का?" असं ते रेफरीला सामन्यागणिक विचारायचे, आणि एका रेफरीने त्यांना खुर्चीसकट बाहेर काढलंही होतं. हरल्यावर मात्र मामांचा चेहरा पडलेला मी पाहिला नाही. खुर्ची घडी करत ते पोरांना सांगायचे, "गाडी लेट हाय, रद्द नाय झाली." पोरं हसायची, घरी जायची आणि सोमवारी सहाच्या आत पुन्हा यायची.

त्या साली लीगमध्ये दहा सामने होते. सात झाले तेव्हा आम्ही सहा हरलो होतो आणि एक बरोबरीत सुटला होता. तो बरोबरीतलाही लष्कराच्या तोफखान्याच्या कृपेने. त्या दिवशी फायरिंग रेंजवर सराव चालू होता. शेवटच्या मिनिटाला समोरच्या पोराने पेनल्टीसाठी पाय उचलला आणि तिकडे धाडकन तोफ उडाली. आमच्या पोरांना सवय होती, ते पोरगं सिन्नरचं होतं. बॉल बाभळीत गेला. मामा म्हणाले, "सरकारी मदत घ्यायला लाज कसली?"

पण हसण्यावारी नेण्याचे दिवस संपत आले होते. शेवटच्या नंबरावर राहणारी टीम लीगबाहेर जाणार होती आणि आमच्याखाली कुणी नव्हतं. मैदान सकाळच्या वेळी मिळायचं ते लीगमधल्या क्लबांनाच. म्हणजे लीग गेली की मैदान जाणार, आणि मैदान गेलं की क्लब म्हणून उरणार ती माझी वही. आमचे अध्यक्ष खैरनार अण्णा, कॅम्पात त्यांचं रंगांचं आणि हार्डवेअरचं दुकान. सायंकाळी दुकानासमोरच्या चहाच्या गाडीवर रोज एकच विषय निघू लागला. अण्णांचं म्हणणं होतं की टीव्हीवरच्या मोठमोठ्या क्लबांत तीन सामने हरले की मॅनेजर बॅग भरतो, आपण सहा हरून केळी वाटतोय. कुणी म्हणे, मामा आले नसते तर हरायला तरी कुठे टीम होती? कुणी म्हणे, ते खरं, पण मामांनी टीम जमवली, आता दुसऱ्या कुणीतरी ती खेळवावी. मी दोन्हीकडे मान हलवायचो. सचिवाला ती सवयच असते.

खरं सांगायचं तर माझं मन तेव्हा फिरलेलं होतं. नाशिकच्या एका शाळेत तुषार नावाचे तरुण क्रीडाशिक्षक होते, प्रशिक्षकाचा कोर्स केलेले. माझ्या आग्रहावरून ते आमचा एक सामना बघून गेले आणि नंतर चहाच्या टेबलावर त्यांनी बिस्किटं मांडून मला दाखवलं की आमचा कोणता पोरगा कुठे चुकतो. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की आमची हाफलाइन, म्हणजे मधली फळी, अशी काही वस्तू असायला हवी होती. मी भाळलो. वर शाळेच्या ऑफिसातला सोमवारचा चहा. तिथे मला कुणी "काय, जिंकलात का?" असं विचारायचंच नाही. सगळे थेट "कितीने?" म्हणायचे. मला एकदा तरी उलट दिशेचा आकडा सांगायचा होता.

परीक्षांमुळे लीग महिनाभर थांबली होती; तुषार सर उरलेल्या तीन सामन्यांसाठी यायला तयार झाले. मी सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका तयार केली. विषय क्रमांक चार, क्लबचा व्यवस्थापक बदलणेबाबत. छान टाइप केली, बत्तीस सभासदांसाठी बत्तीस प्रती काढल्या, आणि मग लक्षात आलं की आमच्याकडे सभेची नोटीस घरोघर नेऊन सही आणायचं काम गेली चार वर्षं गांगुर्डे मामा करत होते. पोस्टाने पाठवलेली नोटीस आमचे सभासद मिळालीच नाही म्हणतात, हा अनुभव होता. स्वतः हिंडायचं तर मला बत्तीस घरांपैकी दहाही माहीत नव्हती.

दोन दिवस मी तो गठ्ठा शाळेच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मामांनी स्वतःच विचारलं, "सभेच्या नोटिसा झाल्या का? चौदा दिवस आधी पोचायला लागत्यात." मी गठ्ठा दिला. खाली बघून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसलो. मामांनी चष्मा लावला, पहिली प्रत वरपासून खालपर्यंत वाचली. चौथ्या विषयावर त्यांचं बोट जरा थांबलं, मग पुढे गेलं.

"वेळ पाचची टाकलीय," ते म्हणाले. "पाचला लोक कामावरनं सुटत नाय. साडेसहा करा."

मी बत्तीस प्रतींवर पेनाने पाचचे साडेसहा केले. ते स्कूटरवरून घरोघर गेले आणि बत्तीसच्या बत्तीस सह्या घेऊन आले. त्यांत एक त्यांची स्वतःची.

आता आमच्या घटनेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. क्लबची नोंदणी झाली तेव्हा घटना लिहायचा कंटाळा आला म्हणून अण्णांच्या वडिलांच्या भजनी मंडळाची घटना समोर ठेवून टाइप करून घेतली होती. त्यामुळे संसरी नाका फुटबॉल क्लबच्या उद्दिष्टांत टाळ-मृदंगांची निगा राखणे हे आजही आहे. त्या घटनेप्रमाणे सभेला दोन तृतीयांश सभासद, म्हणजे आमच्या बाबतीत बावीस, हजर असायला हवेत. इतक्या लोकांशिवाय कोरम होत नाही. कोणत्याही शहाण्या संस्थेत यानंतर एक ओळ असते, की कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घ्यावी आणि तिला कोरमची अट नसावी. महाराष्ट्रातल्या सगळ्या संस्था या अर्ध्या तासावर चालतात. आमच्या टाइपिस्टने पान उलटताना नेमकी तीच ओळ गाळली. आजवर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण कोरम झाला की नाही हे आम्ही मोजतच नव्हतो. पण माणसाला काढायचा ठराव म्हटल्यावर अण्णा घाबरले. म्हणाले, नियमाने करू, उद्या कुणी बोट दाखवायला नको.

सभा अण्णांच्या दुकानामागच्या गोदामात. सभासद रंगाच्या डब्यांवर बसायचे, अध्यक्षांना सिमेंटची गोणी. पहिल्या सभेला चौदा जण आले. न आलेल्यांपैकी निम्म्यांना मामांना काढायचं होतं पण काढताना दिसायचं नव्हतं, आणि उरलेल्यांना वाटलं की आपण गेलोच नाही तर सभा होणार नाही आणि मामा वाचतील. सभा तहकूब. मामा सगळ्यांत जास्त चिडले. नोटिसा पोचवल्या होत्या त्यांनी. मला म्हणाले, "ही काय पद्धत हाय का? माणसाला काढायचं तर नीट बसून काढा. लोंबकळत कशाला ठेवता?"

दुसरी सभा आठ दिवसांनी; तहकूब सभेला एकदा एवढी सवलत घटनेत होती. पुन्हा नोटिसा, पुन्हा मामांची स्कूटर. या वेळी लोक आले. हजेरीची वही फिरली, मी सह्या मोजल्या, एकवीस. पुन्हा मोजल्या, एकवीसच. मामा दाराजवळ एका ऑइलपेंटच्या डब्यावर बसले होते आणि वही त्यांच्यापर्यंत आली होती, पण सही झाली नव्हती. गोदामात सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं. मामा उठून घरी गेले असते तर सभा नव्हती. पुढची नोटीस पुन्हा चौदा दिवसांची, तोवर लीग संपलेली. लीग संपेपर्यंत मामाच मॅनेजर राहिले असते.

अण्णा चांगला माणूस. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले की मामा, सहीची काही सक्ती नाही बरं का.

मामांनी माझ्याकडे हात केला. "पेन द्या सेक्रेटरी. ह्या वहीला लटकवलेलं चालत नाय."

त्यांनी सही केली. बावीस झाले.

विषय चारवर आल्यावर मामांना बोलायचं आहे का, असं अण्णांनी विचारलं. मला वाटलं होतं, ते मोठ्या मनाने बाजूला होतील आणि आम्ही सुटू. मामा उभे राहिले आणि त्यांनी आम्हाला सोडलं नाही. ते म्हणाले, "मला काय सोडायचं नाय. आधीच सांगतो. घरी सून चांगली हाय, पोरगा चांगला हाय, पण सकाळी पाचला उठून जायला दुसरी जागा नाय मला. ते तुमचं दुखणं नाय, माझं हाय, ते धरू नका. सहा मॅच हरलो, मान्य. पण सातही मॅचला अकरा उभे होते का नाय? मी यायच्या आधीच्या साली कितींदा होते? नवीन मास्तर चांगला असंल. अकरा पोरं उभी राह्यली तर तो जिंकून देईल. ती उभी कोण करतं, तेवढं बघून हात वर करा." आणि खाली बसले.

मत हात वर करून घ्यायचं ठरलं. मामा म्हणाले, स्वतःच्या केसमध्ये मी मत देत नाय. राहिले एकवीस. बदलाच्या बाजूने हात वर करा, असं अण्णांनी सांगितल्यावर जो तो शेजाऱ्याच्या हाताकडे बघू लागला. मग मागून एक हात आला, त्याच्या आधाराने दुसरा, मग अण्णांचा स्वतःचा. मोजायचं काम सचिवाचं. माझा उजवा हात कानापर्यंत गेला होता आणि तिथेच अडकला होता, त्यामुळे मला मोजता येईना. शेवटी मामांनीच उभं राहून बोटाने मोजायला सुरुवात केली. दहापर्यंत आले आणि माझ्यासमोर थांबले.

"सेक्रेटरी, हात वर हाय का डोकं खाजवताय?"

ते खरंच विचारत होते. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, मोजणाऱ्याची अडचण होती. मी हात खाली घेतला असता तर दहा आणि अकरा, मामा राहिले असते. मला शाळेतला सोमवारचा चहा आठवला, बिस्किटांची हाफलाइन आठवली, मैदान आठवलं. हात मी वर केला.

"वर आहे, मामा."

"मग अकरा," मामा म्हणाले. "विरुद्ध दहा. लिहून घ्या." आणि डब्यावर जाऊन बसले. मी लिहून घेतलं. अक्षर माझं मलाच वाचवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला मामा मैदानावर आले. बॉलची पिशवी त्यांच्या घरी असायची, ती त्यांनी तुषार सरांना दिली, सगळ्यांत हवा भरलेली आहे एवढं सांगितलं आणि कडेला उभे राहिले. माझ्याशी ते आठ दिवस बोलले नाहीत. बोलावंच लागलं तर "सचिव महोदय" म्हणायचे. संत वगैरे ते मुळीच नव्हते, आणि त्याचंच मला त्या दिवसांत बरं वाटायचं.

आता पुढचं ऐकायला तुम्हालाही आवडणार नाही. आम्ही बरोबर निघालो. तुषार सरांनी सागरला पुढे ठेवलं, बंटीला बाहेर बसवलं, पोरांना प्लास्टिकच्या शंकूंच्या मधून पळवलं आणि उरलेल्या तीनपैकी दोन सामने आम्ही जिंकलो, एक बरोबरीत सोडवला. एका गुणाने लीगमध्ये राहिलो. मैदान राहिलं. शेवटच्या सामन्यात मामा आपल्या नेहमीच्या जागी, आमच्या गोलमागे बसले होते. बॉल सबंध दुसरा हाफ पलीकडच्या टोकाला होता. सागरने गोल मारला तेव्हा आरडाओरडा ऐकून ते खुर्चीतून उठले आणि "आपला का त्यांचा?" असं गोलकीपरला विचारत राहिले. सोमवारी ऑफिसात मी आकडा सांगितला. लोकांना खरं वाटेना, आणि मलाही म्हणावा तसा आनंद झाला नाही. बंटी यायचा बंद झाला होता. मस्टर गेलं तशी प्रॅक्टिसची पोरं पंधरावर आली. पंधरा जणांतही जिंकता येतं, हे मला नव्याने कळलं होतं.

मग वार्षिक सभा आली. या वेळी नोटिसा मी शाळेच्या शिपायाबरोबर पाठवल्या होत्या. मामांकडे त्या द्यायचं मला धाडस झालं नाही. तेच गोदाम, तेच डबे. मामा साधे सभासद म्हणून मागे बसले होते. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हे वाचन कुणी ऐकत नसतं. मी भराभर वाचत गेलो आणि चौथ्या विषयाच्या शेवटी आलो. तिथे मी लिहिलं होतं, "मावळते व्यवस्थापक श्री. गांगुर्डे यांच्या कार्याबद्दल सभेने त्यांचे आभार मानले."

"हरकत हाय," मागून मामा म्हणाले.

सगळे वळले. मामा उभे होते. "त्या दिवशी आभार कुणीबी मानले नव्हते. मी शेवटपर्यंत बसलो होतो. मोजून झालं, चहा आला, सगळे गेले. खोटं लिहू नका सेक्रेटरी. ते खोडा."

मला वाटलं जमीन दुभंगली तर बरं. ती ओळ मी घरी बसून लिहिली होती, त्याच रात्री, कारण ती तिथे नव्हती हे मला सहन झालं नव्हतं. सगळ्यांसमोर मी ती ओळ खोडली. शेजारी सही केली. अण्णा गडबडीने म्हणाले की अहो मामा, मग आज मानतो ना आम्ही, आत्ता मानतो, मनापासून मानतो. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

"असं नसतं," मामा म्हणाले. "ठराव लागतो. सूचक लागतो, अनुमोदक लागतो."

मी सूचक म्हणून उभा राहिलो. अण्णा अनुमोदक झाले. मी हजेरीच्या वहीच्या कोपऱ्यावर ठराव लिहायला घेतला. तेवढ्यात मामांनी माझ्या हातातली वही स्वतःकडे ओढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि सह्यांवरून बोट फिरवलं.

"वीसच हायत," ते म्हणाले. "कोरम नाय."

कायद्याने ती सभाच नव्हती. अण्णा म्हणाले, जाऊ द्या मामा, पुढच्या सभेत घेऊ. मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि म्हणाले, "बसा. दोघांना घेऊन येतो."

आणि गेले. आम्ही वीस मिनिटं रंगाच्या डब्यांवर बसून राहिलो. एकमेकांकडे बघायची सोय नव्हती. अण्णा सिमेंटच्या गोणीवरची धूळ झटकत होते. मी ठराव पाठ होईपर्यंत वाचला. मग बाहेर स्कूटर थांबली. मामांच्या मागे दोघे दाटीवाटीने बसलेले होते, एकाच्या अर्ध्या गालाला दाढीचा साबण तसाच होता. दोघांनीही मामांना काढायच्या बाजूने हात वर केले होते. मामांनी त्यांच्या सह्या घेतल्या, वही माझ्याकडे दिली आणि आपल्या जागी मागे जाऊन बसले.

मी उभा राहिलो. "ही सभा श्री. रंगनाथ गांगुर्डे यांचे," एवढं वाचलं आणि कागद दिसेनासा झाला. नुसते ओठ हलवत मी कसाबसा ठरावाच्या शेवटाला पोचलो.

"मोठ्यानं वाचा सेक्रेटरी," मामा म्हणाले. "मागं ऐकू येत नाय."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचला.